विंगेत दोघी

त्या उतरल्या तेव्हा दांडिया बाजारात वीज गेलेली.
फरांगीस तवक्कोली, वय एकाहत्तर,
महोत्सवाच्या पत्रिकेत नाव चुकीचं छापलेलं.
आणि दिमतीला मी,
बँकेतून निवृत्त,
हौशी मंडळाची एकतीस वर्षांची प्रॉम्प्टर.

मधे बेहनाम, फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाचा.
त्या फारसीत, तो गुजरातीत, मी मनातल्या मनात मराठीत.
अर्धंअधिक वाटेत सांडायचं.
पडदा, हजार, बर्फ,
एवढे मात्र जसेच्या तसे पोचले.

शेव-उसळीनं नाकाडोळ्यांतून पाणी,
तरी सांगत राहिल्या :
रश्तच्या नाट्यगृहात सतराव्या वर्षी दासीचं काम,
वाक्य एकच, "बाईसाहेब, बर्फ पडतंय."
मग राजधानी. मग सिनेमा. पोस्टरवर मोकळे केस.
मग राजवट बदलली.
आधी कुणीतरी ते केस डांबरानं झाकले,
नंतर पोस्टरच गेलं.
नऊ वर्षं शिवणकाम.

परत बोलावलं ते आई म्हणून.
तेवीस सिनेमांत आई. झोपेच्या प्रसंगातही डोक्याला रुमाल,
आणि मुलगा युद्धावरून परतला तरी
जवळ घ्यायचं नाही, तो नट, परका पुरुष.
मग काय केलंत?
चहा दिला, म्हणाल्या.

(हे मी बेहनामला दोनदा विचारून घेतलं.
पेला त्याच्यासमोर ठेवला
आणि बोटं काचेवर
एक श्वास जास्त राहू दिली.
तेवढ्याला सोळा टेक.)

आणि तुमच्या भूमिका?
एकही नाही. मी विंगेत. मी नुसता आवाज.
बेहनाम अडखळला. मावशी,
हा शब्द आमच्याकडेही आहे, पण
आवाज म्हणजे गाणं.
मग दुरुस्त कर की, म्हटलं.
तोवर त्यांनी ऐकलं होतं.
माझा दंड धरून म्हणाल्या,
एकटीनं गायचं? आम्हा बायकांना ते चाळीस वर्षं मना आहे.
तुम्ही अंधारात बसून केलंत?

आता काय सांगणार.
मी दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजत होते,
विसरलेल्या नायकांना
(एकाला, मुद्दाम, एक ओळ उशिरा).
हे ऐकून इतक्या हसल्या
की उसळवाला बघायला लागला.

रात्री गांधीनगरगृहात त्यांचा एकपात्री प्रयोग.
सवयीनं मी विंगेत, मांडीवर त्यांचं बाड,
उजवीकडून उघडणारं, एक अक्षर लागत नाही.
मध्यावर कुठेतरी त्या थांबल्या.
पंखे बंद, मे महिना, घामेजलेली चारशे माणसं.
तीन मोजले. पाच. सात.
एकतीस वर्षांत मी पाचाच्या पुढे
कुणाला जाऊ दिलेलं नाही.

"बर्फ," मी म्हटलं.

मान वळली नाही.
चालत आल्या विंगेपाशी,
पडद्याची कड चाचपल्यासारखी धरली,
सोडायला थोडा उशीर केला,
आणि उजेडात जाऊन पुढचं वाक्य बोलल्या.

ते थांबणं लिहिलेलं होतं की नाही
हे बेहनामला विचारायचं
मी तेव्हा टाळलं,
आणि आता तो अहवाझला औषधांचं दुकान चालवतो.