चार मिनिटं

ओउलूत नोव्हेंबरात तीन वाजताच दिवे लावावे लागतात.
भिंतीवर चिठ्ठ्या, पिवळ्या, गुलाबी;
वरच्या आधी करायच्या, खालच्या बघू नंतर.
अगदी तळाशी, हीटरच्या झळीने कडा वळलेली एक:
‘बूट काढायला वेळ धरा.’

अकरा स्प्रिंट ती तिथेच आहे.

वेइक्कोकडे सूत्र आहे: फायदा भागिले मेहनत.
नगरपालिकेचा अहवाल, आठ भागिले तीन.
नवं लॉगिन, पाच भागिले दोन.
बूट?
बुटांचे पैसे कोण देणार?
शून्य भागिले काहीही, शून्यच.
वाईट नाही तो.
गिऱ्हाईक गेलं तर या खोलीतल्या सात खुर्च्यांचं काय,
या हिशेबात त्याची रात्र सरते.

चिठ्ठी इर्मेलीची.
ती घरोघर जाते, म्हाताऱ्यांची औषधं, पट्ट्या, साखर तपासणं.
तिची गाडी थांबली की आमचं ॲप घड्याळ सुरू करतं.
हे आम्हीच केलं. दोन वर्षांपूर्वी. केकही कापला होता.

मंगळवारी आउने, आमची टेस्टर,
तिच्यासोबत दिवसभर फिरून आली.
काय पाहिलंस? विचारलं.
म्हणाली, उद्या.

बुधवारी सकाळी सगळे उभे,
पंधरा मिनिटांचा गजर लावलेला.
आउनेची पाळी आली तशी ती खाली बसली
आणि बूट काढायला लागली.
घसरू नये म्हणून लावलेले खिळ्यांचे पट्टे आधी.
मग नाडी. ओली, गाठ गोठलेली.
नखाने सुटेना, दातांनी ओढली.
एक बूट.
कुणीतरी खोकलं. सामुली खिडकीबाहेर बघायला लागला,
बाहेर तर नुसता अंधार.
दुसरा बूट.
“एव्हाना,” ती मान वर न करता म्हणाली,
“आतून हाक येते, कोण आहे गं?
आणि हातातला फोन लाल होतो. उशीर.”

चिठ्ठी वर गेली.
तिसरी. पहिल्या दोन जागा अहवालाच्या आणि लॉगिनच्याच.
शून्याच्या जागी वेइक्कोने कोणता आकडा टाकला
मी विचारलं नाही, त्यानेही सांगितला नाही.

गजर वाजला. सगळे आपापल्या जागी.
फरशीवर दोन बुटांएवढं पाणी.
ते कुणी पुसायचं,
भिंतीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.