शोधचिठ्ठी

मी ब्यूटचा. तांब्याच्या खाणींचं गाव, मोंटाना.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
त्यामुळे मुलं मोजायची सवय आहे:
चढली किती, उतरली किती.

आमच्या घराण्याच्या तक्त्यात सगळ्यात वर
खापरपणजी होनोरा गिलहूली, लेट्रिम परगणा,
जन्म १८३८.
तारीख माझ्या हातची, शाईतली.
अकरा वर्षं कुणी शंका घेतली नाही.
घ्यायला होतं कोण? बहीण टक्सनला असते,
तिला मेलेल्या माणसांपेक्षा
जित्या निवडुंगांत जास्त रस.

ड्रमकीलच्या चर्चमध्ये मालाखी, माझा भाऊबंद
(किती दूरचा, ते तीन कप चहा होऊनही ठरेना),
लोखंडी कपाटातून बाप्तिस्म्यांची वही काढतो.
पानांना ओलसर पोत्याचा वास.
पाद्र्याचं अक्षर घाईचं, भाषा लॅटिन.
घरातली साइव्ह इथे सबिना होते,
चुलीपुढची ऊना विनिफ्रेडा होऊन बसते,
बाप टाइग, तो थॅडियस.
देवापुढे उभं राहायचं म्हणून
सगळ्यांना कुणाकुणाचे कोट
उसने आणून दिल्यासारखे.

फेब्रुवारी १८३८: होनोरा.
ही माझी. ओळखीची.
पुढची पानं उलटली ती निव्वळ सवयीने,
बस रिकामी झाली तरी
मागच्या बाकापर्यंत जाऊन यायचो, तशी.

नोव्हेंबर १८४४: होनोरा.
बाप तोच. आई तीच.
पाण्यापाशी बाळ धरायला ऊनाही तीच.

मालाखीने चष्मा पुसला.
"पहिली गेली असणार," म्हणाला.
"नाव वाया घालवत नसत तेव्हा."
गेल्याची नोंद?
"पुरलेल्यांची वही इथे कुणी ठेवलीच नाही."
थोरलीच्या मरणाचा कागद म्हणजे
धाकटीचा जन्म, बस.

मग माझी कुठली?

डब्लिनला, अभिलेखागारात, चौथ्या दिवशी
एक हिरवट शोधचिठ्ठी हाती आली, १९०९ ची.
म्हाताऱ्यांना पेन्शन नुकतीच सुरू झालेली,
आठवड्याला पाच शिलिंग, पण सत्तरी पुरी हवी.
ज्यांना जन्मतारीख कधी लागलीच नव्हती
ते पुरावे हुडकत होते.
कुणी सांगे, मोठ्या वादळाच्या रात्री
मी माझ्या हाताने बटाटा खात होतो.
आमची होनोरा, विधवा, वय चौसष्ट,
वादळाबद्दल अवाक्षर बोलली नाही.
एवढंच लिहून घ्यायला लावलं:
१८४१ ची शिरगणती पाहा.
बाप टाइग गिलहूली. गाव ड्रमकील.
आणि खाली फुली.

कारकुनाने पाहिली.
टाइगच्या घरात, चार माणसांत.
लाल शाईने लिहिलं:
सापडली. वय तीन.

दर शुक्रवारी मग पोस्टाच्या खिडकीशी
एक बाई दोघींची फुली मारायची.
खोटं कसं म्हणू? नाव तर तिचंच होतं.
पाच शिलिंगात चहा येई, साखर, थोडा तंबाखू.
पाठच्या बहिणीसाठी थोरलीने केलेलं
बहुधा हे एकच काम,
तेही पासष्ट वर्षांनी.

ते शिरगणतीचे ग्रंथ पुढे बाविसाव्या साली जळाले.
म्हणतात, कागदांची राख शहरभर उडत होती,
लोकांच्या अंगणात अर्धी अर्धी नावं पडत होती.
तीन वर्षांची ती पोर त्यातच गेली, दुसऱ्यांदा.
उरली ती या चिठ्ठीत,
धाकटीने तिला शोधायला सांगितलं म्हणून.

रात्री खोलीवर तक्ता पसरला.
खोडायला गेलो, तर शाई जाईना,
कागदाचंच साल निघायला लागलं.
मग १८३८ तसंच ठेवून
शेजारी एक चौकोन काढला, १८४४,
आणि खाली आमच्याकडे येणारी रेघ
थोरलीपासून सोडवून त्याला जोडली.
थोरलीखाली काही नाही. नुसता कागद.

मलाही पेन्शन येते आता, महिन्याच्या तीन तारखेला.

झोपण्यापूर्वी सगळी माणसं पुन्हा मोजली.
एक जास्त भरली.