सातवी कडी

हिल्डा ट्रँटर साखळी आधी तळहातावर जोखते.
मग भिंग.
कडीकडीवर चालता सिंह, शेजारी नांगर
(बर्मिंगहॅमचा; समुद्र कुठल्या कुठे),
आणि एक अक्षर, झिजून अर्धं उरलेलं.
"एकोणीसशे अकरा. चांदी. खिशातल्या घड्याळाची."

काउंटरपलीकडे रूबेन पार्क्स,
ओला कोट अंगावर तसाच.

सवयीनं तिनं लोहचुंबक फिरवला.
चांदी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.
सातवी कडी मात्र टचकन चिकटली.

लोखंड. ना सिंह, ना नांगर, ना साल.
पण सांधा असा, की नखाला लागेना.

"भाव पडणार?"
"तुमच्यात लोखंड कोण घडवायचं?"

"पणजी. क्रॅडली हीथला, परसातल्या भट्टीवर.
गुरांच्या साखळ्या, कुत्र्यांच्या साखळ्या.
पोर टोपलीत, ठिणग्यांपासून हातभर लांब.
पणजोबांची ही साखळी एकदा तुटली म्हणतात.
सोनाराकडे जायला पैसे कुठले?"

हिल्डानं पावती ओढली.
चांदीच्या कड्या: तेवीस. वजन, साल, किंमत.
लोखंडी: एक.
पुढे तिचं पेन नुसतंच टेकून राहिलं.
शाईचा ठिपका पसरला,
ठशाएवढा.

रूबेननं साखळी उचलून खिशात टाकली.
पावती मागून घेतली.