सात फ्रेम

सेकंदाला सात फ्रेम.
ओस्वाल्दो पाऊल उचलतो
आणि ते टेकतं भलतीकडेच, खांबात.

केमीत बाहेर उणे एकोणतीस.
हिल्काच्या मांडीवर लॅपटॉप
कढत, धापा टाकणारा.
ती एकेक बंद करत जाते.
आधी सावल्या. मग पाण्यातली प्रतिबिंबं.
नजरेचा पल्ला बत्तीस मीटर:
दीपगृह गेलं, धक्का गेला,
तिनंच मे महिन्यात लावलेली
बर्चची रांगही.
बाकीच्या जोड्या आता नुसते राखाडी ठोकळे.

एक्केचाळीस!
टँगो वळतो कसा सरसर,
गिरकीत त्याच्या कोटाचं टोकसुद्धा उडतं.

ती टाइप करते: उद्या येशील?

पंखा शांत. कुठेच काही अडकत नाहीये.
वाल्दिव्हियाहून तीन टिंबं येतात,
जातात,
पुन्हा येतात.