चार मीटर सुतळी

माडग्याळच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या
मी पोरांच्या पिशव्या तपासल्या.
शिंपला आणायचा नाही, असं शिबिरातल्या आग्रेताईंनी बजावलं होतं,
"आत कुणी राहत असतं, तुम्हाला दिसत नाही इतकंच."
बीराप्पाच्या मोज्यात मूठभर वाळू निघाली.
ती मी आपल्याच ओढ्याची समजून सोडली.

मी आणली फक्त सुतळी. चार मीटर.

तीन दिवस, दोन रात्री, एकेचाळीस पोरं.
पहाटेच्या ओहोटीला खडकावर गुडघे टेकून बसलेली,
मध्ये सुतळीचा चौकोन, मीटर बाय मीटर.
आत असेल तेवढंच मोजायचं.
कालवं एकशे बारा.
शेवाळ तीन रंगांचं.
खेकडा एक, तोही मोजणी अर्धी टाकून पळाला.
आणि एक समुद्रफूल,
सुशांतनं त्यात बोट घातलं, ते मिटलं,
मग तो दुपारपर्यंत कुणाशी बोलला नाही.

रात्री कुणाला झोप नाही.
"गुर्जी, ह्येचा आवाज बंद कवा हुतो?"
मला काय ठाऊक. बावन्न वर्षांत
मीही पहिल्यांदाच त्याच्या इतक्या जवळ आडवा झालो होतो.
आमच्याकडं रात्री टँकर येतो,
त्याच्या आधी घागरी वाजतात, मग कुत्री, मग शांत.

मायाक्का आली नव्हती.
पैशांचं आम्ही बघितलं होतं.
पण मेंढरं उमदीच्या पुढं, वाघर लावून,
आणि भाऊ तापानं फणफणलेला.
तिचं संमतीपत्र, बापाच्या सहीचं,
अजून माझ्या कपाटात आहे.

सोमवारी शाळेमागच्या माळावर
तीच सुतळी अंथरली.
"हितं काय मोजायचं गुर्जी? पड हाय ती."
गवत. दगड. मुंग्या.
तीन शब्दांत पोरांचा कागद संपला.

मग ती टेकली गुडघ्यांवर.
ही कुसळी.
ही पवन्या, मेंढरं आदी हीच हुडकत्यात.
मारवेल त्या कोपऱ्याला, दोनच काड्या ऱ्हायल्यात.
सराटा, आत्ता तुमच्या चपलंत गेला त्यो.
लेंडी सशाची, कालची.
ही दोन भोकं येगळी: ह्ये मुंगळ्याचं,
ह्ये कोळ्याचं, बघा, वर झाकण हाय.
आन् त्यो दगड उचलू नगा,
खाली इच्चू असंल. त्येचं घर हाय.
सुशांतनं पुढं केलेला हात मागं घेतला.

मी लिहीत गेलो. सव्वीस झाले.
खडकावर एकोणीस झाले होते,
ते मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

सुतळी गुंडाळताना तिनं विचारलं,
"पाणी रोज मागं जातंय म्हंता,
मग रोज एकाच येळेला का न्हाई?"
चंद्रामुळं, म्हणालो, रोज पन्नास मिनिटं उशीर.
"हां. चांद उशिरा निघतोय तसं."
एवढं बोलून ती धडपडत उठली, परकराची कुसळं काढत बसली.
मी आठवीला हा धडा तीन तासांत शिकवतो.

फळ्यावर सुविचाराच्या खाली
बीराप्पा रोज ओहोटीची वेळ लिहायचा.
मी पुसू दिली नाही.
पुढं तो मिरजेला मामाकडं शिकायला गेला,
कोपरा दोन दिवस कोरा राहिला.
तिसऱ्या दिवशी तिथं वेळ होती,
मधल्या दिवसांची मिनिटं मिळवून, बरोबर,
अक्षर मात्र डावीकडं कललेलं.

परवा केंद्रप्रमुख आले.
हजेरी, खिचडी, शौचालय बघून झालं.
फळ्याकडं बोट करून म्हणाले,
"हे काय, एसटीचं वेळापत्रक?"
वर्गात कुणी हसलं नाही.
मायाक्का उभी राहिली,
भिंतीवरच्या घड्याळाकडं एकदा बघून म्हणाली,
"सायेब, आत्ता तिकडं
खडक उगडं पडलं असत्याल."