सत्तेचाळीस मिनिटं

सावद्याच्या पतपेढीनं भंगारात काढलेली पाच डबडी
मुनाफ तडवीनं छोट्या हत्तीतून फैजपूरला आणली,
वर केळीची वाळकी पानं टाकून.
एकेकाला एक जीबी, एकच गाभा,
आणि पंखा असा
की खालच्या गिरणीवाल्यानं विचारलं, वर कुणी गिरणी टाकली?

आमचं सॉफ्टवेअर काट्यावरच्या केळीचं:
घड किती, दांडा वजा किती, कटती, हमाली, ट्रकचा नंबर.
एक ओळ बदलली की सगळं पुन्हा कंपाइल.
सत्तेचाळीस मिनिटं.
घड्याळ लावून पाहिलं होतं मी, तीनदा.
तिसऱ्यांदा एकोणपन्नास, कारण पारा पंचेचाळीसवर
आणि प्रोसेसर आपणहून मंद झाला,
शहाण्या बैलासारखा.

आधी हेडरं छाटली.
एका फाइलीनं बावीस फाइली ओढून आणलेल्या,
त्यातल्या बारा नुसत्याच पंगतीला बसलेल्या,
कुणी बोलावल्या ते कुणालाच आठवेना.
एकोणचाळीस.
मग ऑप्टिमायझेशन बंद. चाचणीच्या बिल्डला इस्त्री कशाला?
एकतीस.
मग डिस्कची घरघर नको म्हणून
दुसऱ्या डबड्याची रॅम काढून पहिल्यात खोचली
अन् सगळा पसारा रॅममध्येच मांडला.
सव्वीस.
तिथं अडलो. आठ दिवस.

नवव्या दिवशी गच्चीवर बिबडे चालले होते.
घरमालकीण इंदूताई फालक, तिच्या तीन जावा,
एक घाटा हाटते, एक ओल्या फडक्यावर थापते,
दोघी खाटांकडे पळतात, उलटं फडकं सोडवतात.
खाटा भरत चाललेल्या.
तिनं खिडकीतून आत डोकावलं, हात घाट्यानं भरलेले.
"काय पाहू ऱ्हायला रे इतक्या वेळचं?"
म्हटलं, मशीन काम करतंय.
"अन् हे बाकीचे चार?"

बाकीचे चार
भिंतीला टेकून बसले होते.

दुसऱ्याची रॅम त्याला परत दिली.
रात्री मुनाफनं ठिबकच्या जुन्या नळीतून वायरी ओवल्या.
पाचांवर कंपायलर एकाच आवृत्तीचा, हे जमवताना फटफटलं.
एकानं फाइली वाटायच्या, चौघांनी शिजवून परत द्यायच्या.
चौघांना त्यानं नावं ठेवली: यावल, रावेर, चोपडा, मुक्ताईनगर.
मुक्ताईनगर कायम मागे.
आणि डिस्कवर एक कॅशे,
म्हणजे एकदा शिजलेलं पुन्हा चुलीवर नको.
नऊ मिनिटं.
मी मुनाफच्या पाठीत धपाटा घातला.

जोडणी मात्र कुणाला वाटून देता येत नाही.
सगळे तुकडे परत आल्यावर
पहिलं डबडं एकटंच बसतं, एकेक नाव एकेका पत्त्याला जुळवत.
तेव्हाच लाइट गेली.

रॅममधला पसारा गेला.
साडेचारपर्यंत आम्ही अंधारात नव्हे, उजेडातच बसलो,
बंद पंख्याखाली, टपोऱ्या घामात,
गच्चीवरचे बिबडे कडक होताना ऐकत.

लाइट आली. मुनाफनं बिल्ड लावला
आणि चहाला उतरला, सवयीनं.
सत्तेचाळीस मिनिटांची सवय,
तीत गिरणीवाल्याशी गप्पा, त्याच्या पोरीची दहावी, सगळं बसायचं.
कॅशेनं जुनं सगळं पुढं केलं, विचारल्याबरोबर.
चार मिनिटं.
तो दोन कप घेऊन दारात:
"झालं पण?"

हो म्हटलं.
तो जरा उभाच राहिला.
चहा अजून वाफाळत होता.
मी मुक्ताईनगरवरचं धूळफडकं उचललं,
कप ठेवायला जागा केली.