नखाएवढं बेट

दुपारी चारलाच काळोख. विर्त्सूची फेरीबोट बर्फात रुतलेली,
म्हणून तोर्मीला आज कामावर सुट्टी
आणि आम्हा दोघांना सगळा मध्ययुगीन नकाशा.

तो नेहमीसारखा सम्राट घेतो:
बारा मांडलिक, तुडुंब खजिना.
"तीनशे वर्षं रेटायचीत, लेलो. डोकं वापर."

मी माउस सरकवत उत्तरेला येते.
हा आंधळा आहे, पण पाच बहिणी पाच दरबारांत नांदतात.
हा कर्जबाजारी, भित्रा, वर कविता करतो.
ही नऊ वर्षांची राणी; तिला सांभाळणारा काकाच
तिच्यामागचा वारस.
(हिच्यासाठी एक अख्खी रात्र लागेल. राखून ठेवते.)

मग आमचंच बेट. नखाएवढं.
हिमोत, वय एकसष्ट, संधिवात, हट्टी.
सैन्य एकशे चाळीस. वारस: कोणी नाही.
चेहरा मशीनने कुठूनतरी जुळवलेला,
तरी ती डावी भुवई,
दार उशिरा उघडलं की बाबांची वर जायची, तशी.

"याचे दिवस भरलेत," तोर्मी म्हणतो. "हा गेला की खेळ खलास."
"माहीत आहे."

पलीकडच्या बेटावरची एक विधवा बघून
मी त्याचं लग्न लावते. ती सत्तावन्न वर्षांची.
तोर्मी कपाळावर हात मारून घेतो.
मी काळाचा वेग सगळ्यात कमी ठेवते.

बाहेर बर्फ फोडणारं जहाज भोंगा देतं,
तोर्मी बूट शोधायला लागतो.
पडद्यावर मार्च उजाडलाय. हिमोत आहे अजून.
कुणावर स्वारी नाही, काही नाही.